कुंड आणि प्रवाह

जे क्षणात जन्मते आणि क्षणात विरते, ते धरून ठेवण्याचा मनुष्यास अधिकार आहे काय? त्र्यंबकेश्वरी कुशावर्ताच्या पायऱ्यांवर हा प्रश्न सहजच मनात उभा राहतो. ब्रह्मगिरीवर प्रकटलेली गोदावरी वारंवार गुप्त होऊ लागली, तेव्हा गौतम ऋषींनी दर्भाने तिला येथे अडविले, अशी कथा आहे. गायनाची गती याहून निराळी नाही. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांच्या ज्या पदांना पुनःपुन्हा ‘वन्स मोअर’ मिळे, ती तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागली. स्वर राहिला, श्रोता बाहेर राहिला.

प्रत्यक्ष प्रयोगच मुद्रित झाला, तर श्रोताही आत येतो. याचा प्रत्यय आम्हास एका परक्या नाटकाने दिला. हान्स फिट्झ्नर या जर्मन रचनाकाराचे ‘पॅलेस्ट्रीना’ हे संगीतनाटक म्युनिक येथे १९१७ साली प्रथम झाले. आपल्याकडे ते फारसे कोणास ठाऊक नाही. आमची त्याच्याशी ओळख झाली ती व्हिएन्ना येथील १९६४ च्या डिसेंबरातील प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणामुळे. त्यातील नायक फ्रिट्झ वुंडरलिख पुढे दोन वर्षांच्या आतच, वयाची छत्तीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, वारला.

कोणी म्हणेल, गायकाने ते गाणे त्या रात्रीच्या श्रोत्यांस दिले होते. त्यातील एखादा चुकला स्वर कायमचा त्याच्या माथी का मारावा? आक्षेप खोटा नव्हे. परंतु त्याचे उत्तर त्या नाटकातच आहे. पत्नीच्या मृत्यूने खचलेला वृद्ध पॅलेस्ट्रीना रचना करणे सोडून बसला आहे, आणि चर्चमधून बहुस्वरी संगीत हद्दपार होण्याची वेळ आली आहे. एका रात्री त्यास देवदूतांचे गान ऐकू येते व तो ते लिहीत सुटतो. सकाळी मुलगा आणि शिष्य विखुरलेली पाने गोळा करतात. कथा इतिहासापेक्षा दंतकथेच्या अधिक जवळची. पण तिचा अर्थ खरा आहे. लिहिलेले पान म्हणजे गाणे नव्हे. ते दुसऱ्यास गावयास केलेले पाचारण होय.

तेव्हा धरून ठेवण्याचा अधिकार आहे, पण तो कर्तव्यासह येतो. ध्वनिमुद्रण ऐकून आम्ही कपाट बंद केले, तर ते डबके झाले. ते ऐकून कोणास ते नाटक वाचावेसे, शिकावेसे, पुन्हा उभे करावेसे वाटले, तर ते कुंड ठरले. गौतमांनी गोदावरी अडविली खरी. परंतु ती कुशावर्तात संपली नाही. पुढे ती पूर्वसमुद्रापर्यंत गेली, आणि वाटेत कित्येकांची शेते तिने भिजविली.