पैसे आमचे, पेट्रोल कोणाचे?



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात नेहमीचे दृश्य दिसते. ओळखीची माणसे भेटतात, मुलांच्या परीक्षेची चौकशी होते, लग्नाची आमंत्रणे दिली जातात. शेजारी एखादी गाडी मात्र एसी लावून तशीच चालू असते. एकदा आम्ही सहज म्हणालो, "अहो, इंजिन तरी बंद करा." हसत उत्तर आले, "फादर, पेट्रोलचे पैसे आम्हीच भरलेत ना!"

ते उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. पैसे मोजले की वस्तू आपली होते, हे खरे. पण ती वाया घालवण्याचा हक्कही त्या पैशांत मिळतो का?

दुसऱ्याकडे बोट दाखवायला आम्ही मोकळे नाही. एका सकाळी दुसऱ्या मिस्सेला उशीर होत होता म्हणून आम्ही गाडी दामटत होतो. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "फादर, पुढचा सिग्नल लाल आहे. आपण कोणाला गाठायला धावतोय?" आम्ही ओशाळलो. मग त्यांनी समजावले: पेट्रोल जाळून गाडीला वेग द्यायचा आणि ब्रेक मारून तो घालवायचा, म्हणजे पेट्रोलची नुसती उष्णता करून हवेत सोडायची. त्यापेक्षा लांबवर नजर ठेवावी, पाय आधीच उचलावा, टायरमधली हवा वेळेवर तपासावी.

काकांच्या अनुभवाला विज्ञानाचाही आधार आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणूनच आपल्या देशातील पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालवण्याचा सल्ला देते. थोडक्यात, पेट्रोल वाचवणे म्हणजे बरेचसे धीर धरणेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पैसे एकाने भरले, पण धूर सर्वांच्या वाट्याला येतो; सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आणि अजून जन्माला न आलेल्या बाळाच्याही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी येथे एक मोलाचा भेद केला आहे. वस्तू मिळवण्याचा आणि तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. परंतु तिचा वापर करताना ती केवळ आपली नव्हे, सर्वांची आहे असे समजून वागले पाहिजे. पंपावर आपण पहिला अधिकार विकत घेतो. दुसरी जबाबदारी पावतीवर छापलेली नसते, एवढेच.

टंचाई आली की ही गोष्ट लगेच कळते. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला, तेव्हा नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत काही रविवारी खासगी मोटारींना बंदी होती. लोक चक्क महामार्गांवरून पायी आणि सायकलवर फिरले. पैसे खिशात होते, तरी गाडी घरीच होती. पुढे टंचाई सरली आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. पण पेट्रोल सर्वांचे असते, हे टंचाई सरल्यावर खोटे ठरत नाही.

मात्र प्रत्येक बचत म्हणजे सद्गुण नव्हे. काही जण पेट्रोल वाचावे म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. त्यामुळे इंजिनचा आधार सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि चार रुपयांसाठी दुसऱ्यांचा जीव धोक्यात येतो. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहते. म्हणजे पापही घडते आणि पैसाही वाचत नाही!

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. १८६५ साली इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवून दिले, की इंजिने कमी कोळशात जास्त काम करू लागली, तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. आपलेही तसेच होते. गाडीचे ॲव्हरेज वाढले, मग कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीनेच जाऊ! अशी काटकसर एका हाताने वाचवते आणि दुसऱ्या हाताने उधळते.

मग खरी काटकसर कशी ओळखावी? आम्हाला एकच कसोटी सुचते: जे वाचले, ते कोणाच्या उपयोगी पडले? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वी जपण्याच्या रोजच्या लहान कृती सांगितल्या आहेत. एकाच गाडीतून अनेकांनी मिळून प्रवास करणे, ही त्यांपैकी एक.

मिस्सेला येणाऱ्या किती गाड्यांत मागची सीट रिकामी असते! आणि त्याच रस्त्यावर एखादी आजी रिक्षाची वाट पाहत उभी असते. येत्या रविवारी दहा मिनिटे लवकर निघू या. तेवढी दहा मिनिटे असली, की वेगही आवरतो आणि आजीसाठी थांबणेही जड जात नाही. आणि आवारात गप्पा रंगल्या, तर इंजिन तेवढे बंद करू या. आम्हीही करू.