हात वर करण्याआधी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या उर्दू शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने सलाईनच्या नळीपासून ठिबक सिंचनाचे मॉडेल बनवले. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून ते जिल्ह्यासाठी निवडले गेले. जायचे म्हणजे एक रात्र मुक्काम. मिटिंगमध्ये कमिटीचे सदर म्हणाले, "मुलीला रात्री बाहेर पाठवणे बरे दिसत नाही." दुसऱ्याने मान डोलावली, तिसऱ्यानेही. मग हात वर करायला सांगितले. आम्हा अकरा शिक्षकांचे अकराही हात वर गेले. ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाला.

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना कळले, आमच्यातल्या सहा जणांना ती जावी असेच वाटत होते. अकरात सहा! पण प्रत्येकाला वाटले, आपण एकटेच.

बी.एड.ला आम्ही सॉलोमन ऍश यांचा प्रयोग मार्कांपुरता पाठ केला होता. १९५१ साली अमेरिकेत त्यांनी तो प्रसिद्ध केला. लांबीने सारख्या रेषा ओळखायच्या, काम पोरखेळाचे. पण बाकीचे सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चुकीचे उत्तर देणारे. त्यांच्यामागोमाग खऱ्या उमेदवारांनी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकली. समोर तिघे एकमताचे असले की दबाव जवळजवळ पुरा होतो, हेही त्यात दिसले. आमच्याकडेही तिघेच होते. आणि एकाने जरी खरे उत्तर दिले, तर दबाव बराच ओसरतो. तो एक आमच्यात निघाला नाही.

ऍश यांच्या काही उमेदवारांना खरेच वाटले की आपलीच नजर चुकते आहे. आम्हाला ती सबब नाही. आम्हाला रेष नीट दिसत होती.

कुणी म्हणेल, इत्तेफाक महत्त्वाचा, जमातीत फूट नको. मान्य. पण मत न सांगताच झालेल्या एकमताला इत्तेफाक म्हणावे का? बद्रच्या वेळचा (इ. स. ६२४) हुबाब बिन मुंझिर यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. पडावाची जागा पाहून त्यांनी आधी विचारले, हा अल्लाहचा हुकूम आहे की युद्धातली राय? राय आहे म्हटल्यावर त्यांनी पुढच्या विहिरीपाशी जाण्याचा मशवरा दिला आणि तो मानला गेला. सदरांचे वाक्यही रायच होती. आम्ही ते हुकमासारखे ऐकले. वर्गात मात्र पोरांना रोज सांगतो, बोला, घाबरू नका!

आता आम्ही मिटिंगमध्ये आधी चिठ्ठ्यांवर मत मागतो. लिहून उत्तर द्यायला सांगितले तेव्हा ऍश यांच्याकडेही लोक कमी वाकले होते. हेडमास्तर कुरकुरतात, "आपसात चिठ्ठ्या कशाला?" एकदा तर नऊ चिठ्ठ्या कोऱ्याच निघाल्या.

ती मुलगी आता अकरावीत आहे. परवा दाखल्यासाठी आली, तेव्हा तिने मॉडेल परत मागितले. कपाटावरून काढून दिले. नळी कडक झाली होती, हात लावताच तुटली. "राहू द्या सर," ती म्हणाली, आणि तुकडे पिशवीत भरू लागली.