पुरलेला रुपया

वाचन : मत्तय, अध्याय 25, ओव्या 14 ते 30



जाफराबाद तालुक्यातील एका गावी उपासना आटोपल्यावर एक तरुण आम्हांस भेटला. जालन्याच्या एका कारखान्यात त्यास नुकतेच काम लागले होते. पहिल्या तीन महिन्यांच्या पगारातून त्याने चार हजार रुपये शिल्लक टाकिले होते. ते कोठे ठेविले, असे विचारता तो ओशाळून म्हणाला, "आईच्या ज्वारीच्या कणगीत." त्याचे कारणही त्याने सांगितले. त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून आलेले पैसे जास्त व्याजाच्या आशेने एका संस्थेत ठेविले होते. संस्थेचे दार बंद झाले व पैसे अडकले, ते आजवर मिळाले नाहीत. तेव्हापासून बापलेकांत नीट बोलणे नाही. "आता विश्वास कोणावर ठेवायचा, पाळकसाहेब?" असे त्याने विचारिले. हा प्रश्न अनेक घरांतील आहे, यास्तव त्याचे उत्तर आम्ही येथे लिहीत आहोत.

दृष्टांतातील तिसऱ्या चाकराकडे पाहा. त्याने धन्याचे द्रव्य चोरिले नाही व चैनीत उडविलेही नाही. तो केवळ भ्याला, आणि भिऊन त्याने ते जमिनीत पुरिले. तरी धन्याने त्यास दोष दिला. निदान ते सावकाराच्या पेढीवर तरी ठेवावयाचे होते, म्हणजे व्याज तरी मिळाले असते, असे तो म्हणाला. हा दृष्टांत प्रभूने पैशापेक्षा मोठ्या देणग्यांविषयी सांगितला, हे खरे. तथापि कष्टाचा रुपया हीदेखील देवाची देणगीच आहे, आणि तिचे आपण कारभारी आहोत, मालक नव्हे.

पुरलेले धन सुरक्षित असते, हा समज आमच्या या मुलखात तरी उरू नये. केळणा व धामणा यांच्या काठचे हे गाव पूर्वी हैदराबाद संस्थानात होते आणि येथे निजामाचा हाली रुपया चाले. 1948 साली संस्थान भारतात सामील झाले. पुढे भारतीय रुपया सुरू झाला, तेव्हा सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा भाव ठरला, आणि काही वर्षांनी हाली चलन अजिबात बंद झाले. ज्याने हाली नोटा गाडग्यात ठेविल्या व वेळीच बदलून घेतल्या नाहीत, त्याच्या हाती कागद उरला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे व हजारांच्या नोटांची जी गत झाली, ती तर तरुणांसही आठवत असेल. शिवाय महागाई ही कणगीतली कीड आहे. 72 या अंकास दराने भागावे, असा एक सोपा हिशेब आहे. भाववाढ दरसाल सहा टक्के असेल, तर 12 वर्षांत पुरलेल्या रुपयाची किंमत निम्मी होते.

परंतु भयाच्या पलीकडे दुसरा खड्डा आहे, तो लोभाचा. दोन वर्षांत दुप्पट देतो असे कोणी म्हणाला, तर तोच हिशेब करा : 72 भागिले 2, म्हणजे वर्षास सुमारे 36 टक्के. इतके व्याज तो कोणत्या प्रामाणिक धंद्यातून देणार, हे त्यास विचारा. त्याचे उत्तर स्पष्ट नसेल, तर तेथून उठावे.

मग आरंभ कसा करावा? प्रथम कर्ज फेडा. शेकडा दरमहा दोन रुपये म्हणजे वर्षास 24 टक्के होतात. इतके व्याज देत असता सात टक्क्यांनी पैसा ठेवणे हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे. नंतर दोन-तीन महिन्यांचा घरखर्च आजारपणासाठी बचत खात्यात ठेवा; टपाल कचेरीत असे खाते 500 रुपयांनी उघडते. त्यानंतर दरमहा पगार मिळणाऱ्याने तेथेच पाच वर्षांची आवर्ती ठेव घ्यावी. ती महिना 100 रुपयांपासून मिळते; 6.7 टक्के दराने भरलेल्या 6,000 रुपयांचे सुमारे 7,100 होतात. ज्याचा पैसा कापूस-सोयाबीनच्या हंगामातच येतो, त्यास सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी अधिक सोयीचा आहे. त्यात वर्षाकाठी 500 रुपये भरले तरी खाते चालू राहते, व मुदत 15 वर्षांची असते. म्युच्युअल फंड व शेअर यांचा भाव चढतो तसा पडतोही. त्यांत पुढील अनेक वर्षे न लागणारा पैसाच, तोही थोडाथोडा, समजून-उमजून घालावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. टपालातील ठेवीस केंद्र सरकारची हमी आहे. बँकेतील ठेवीस, बँक सहकारी असली तरी, 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीस हा विमा लागू नाही. हा भेद त्या तरुणाच्या वडिलांस कोणी वेळीच सांगितला नाही.

यास्तव आम्ही त्या तरुणास म्हणालो : भाऊ, भरवसा देवावर ठेव, आणि पैशाबाबत माणसांकडून पावती व हिशेब माग, हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. आणि वडिलांस दोष देऊ नकोस. त्यांनी ते पैसे स्वतःसाठी नव्हे, तुमच्यासाठीच ठेविले होते. खाते उघडावयास जाशील तेव्हा त्यांस बरोबर घेऊन जा.

पुढच्या फेरीस आम्ही गेलो, तेव्हा त्याने आम्हांस नवे पासबुक दाखविले. ते आणावयास तो आत गेला नाही. वडिलांनीच ते आपल्या पेटीतून काढून त्याच्या हाती दिले. वारसदाराच्या जागी आईचे नाव होते. आम्ही तिघांसह गुडघे टेकून देवाचे आभार मानिले.

तरुणांनो, तुमचा रुपया आज कोठे आहे? भयाने पुरू नका, लोभाने उधळू नका. थोडे, नेमाने आणि उजेडात ठेवा. त्यातील देवाचा व गरिबाचा वाटा आधी बाजूस काढा. म्हणजे धनी हिशेब घेण्यास येईल, त्या दिवशी तुम्हांस मान खाली घालावी लागणार नाही.