जसे आहे तसे

जुन्या वस्तूंचा सांभाळ करणाऱ्याला एक प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. वस्तू सांभाळायची म्हणजे नेमके काय सांभाळायचे? तिचे रूप, तिचे काम, की ज्याने ती आपल्या हाती दिली त्याला दिलेला शब्द? तिन्ही एकदम सांभाळता आली तर काही अडचणच नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे मात्र अडचण उभी राहिली.

साताऱ्याला आम्हाला गणित शिकवणारे एक सर होते. १९८४ साली केंद्र सरकारने शाळकरी मुलांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली. त्या योजनेत देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे आली. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते यंत्र १९८१ साली काढले होते. स्मृती अवघी ३२ किलोबाइट. पुढे ती यंत्रे मागे पडली, आणि असेच एक यंत्र सरांनी भंगाराच्या भावात घरी आणले. त्यावर त्यांनी पाढ्यांचा खेळ रचला होता. उत्तर चुकले तर यंत्र रागावत नसे, पुन्हा विचारी. रागावणे हा सरांचा स्वतःचा प्रांत होता.

तीन वर्षांपूर्वी सर गेले. त्याआधी दोन महिने त्यांनी मला बोलावून ते यंत्र माझ्या स्वाधीन केले. म्हणाले, “मुलांना दाखवत जा. पण हे जसे आहे तसे ठेव. आतले काही बदलू नकोस.” मी ‘होय’ म्हणालो. मरणाच्या वाटेवरच्या माणसापुढे ‘होय’ फार लवकर तोंडातून निघते.

जुलैतल्या एका दुपारी वर्गात यंत्र लावले होते. मुले सतराचा पाढा म्हणत असताना यंत्राच्या डाव्या अंगाने धूर निघाला आणि खोलीभर उग्र वास पसरला. मी बटण बंद केले, मुलांना बाहेर काढले. एक गोष्ट मात्र मनात राहिली. धूर निघत होता तेव्हाही पडद्यावर पाढा चालूच होता.

सांगलीला जुनी यंत्रे दुरुस्त करणारा एक तरुण आहे. यंत्र मांडीवर घेऊन मी एस.टी.ने कराडवरून तिथे गेलो. त्याने झाकण उघडले, वीजपुरवठ्याची पेटी बाहेर काढली आणि तिच्यातला एक तडकलेला पिवळसर तुकडा दाखवला. “सर, हा कागदाचा कपॅसिटर. वरच्या कवचाला बारीक चिरा जातात, चाळीस पावसाळ्यांची ओल आत शिरते, आणि एक दिवस असा धूर काढतो.”

ही पेटी म्हणजे यंत्राचे जठर. भिंतीतली २३० व्होल्टची वीज पचवून ती यंत्राला ५ व्होल्टची करून देते. तसे करताना तिच्यात विजेचा बारीक कलकल उठतो. तो तारांतून मागे जाऊन शेजाऱ्यांच्या रेडिओत खरखर करू नये, म्हणून हा तुकडा तिथे बसवलेला असतो. म्हणजे तो यंत्राच्या उपयोगाचा नाहीच. तो शेजारधर्मासाठी आहे. म्हणूनच तो जळत असतानाही पाढा थांबला नाही.

तरुणाने तीन वाटा सांगितल्या. तो तुकडा नुसता उपटून टाकावा, यंत्र चालेल. किंवा त्या जागी नवा घालावा. पण बाकीचे भागही त्याच वयाचे. किंवा पेटीतले सगळे काढून आजच्या बनावटीचा नवा पुरवठा बसवावा. तो थंड राहील आणि मुलांच्या हाताशी निर्धोक असेल.

पहिली वाट मला मोहात पाडू लागली. काही बदलायचे नाही, फक्त काढायचे! शब्दही राहतो. पण असा शब्द राखायचा तर त्याची झळ ज्यांनी काही कबूल केलेले नाही अशा शेजाऱ्यांना लागणार होती.

मग मी तिसऱ्या वाटेसाठी कारणे जुळवू लागलो. सांगलीला लागून मिरज आहे, तंबोऱ्यांचे गाव. तारांनी घोडीवर खाचा पडल्या की तिथले कारागीर ती घासून जवारी पुन्हा लावतात, तारा बदलतात. तंबोरा दुसरा झाला असे कोणी म्हणत नाही. खुद्द एकॉर्न कंपनीच्या पहिल्या यंत्रांतले वीजपुरवठे फार तापत, म्हणून तिने ते बदलून दुसऱ्या जातीचे घातले. ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तीच एक सुधारणा असते. आणि सरांचा हेतू तरी काय? मुलांनी यंत्र पाहावे हाच ना? आज असते तर त्यांनीच सांगितले असते, “बदलून टाक.”

इथे मी थबकलो. मी कादंबऱ्या लिहितो. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालणे हा माझा रोजचा उद्योग. सर तसे म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, ‘बदलू नकोस.’ तंबोऱ्याचा दाखला खरा आहे, पण तो एवढेच सांगतो की पेटी बदलली तरी यंत्र तेच राहते. माझा शब्द तोच राहतो का, हे तो सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याच्या उत्तराआड दुसरा लपवणे ही शिकल्यासवरलेल्या माणसांची खास चोरी आहे. आपण शब्द मोडतो आणि मग त्याचा अर्थ एवढा ताणतो की मोडलेलाही त्यात मावावा.

मी तिसरी वाट धरली. वर्गात मुले असतात, आणि मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दापेक्षा जिवंत मुलांच्या बोटांचा हक्क मोठा आहे असे मला वाटते. पण शब्द पाळला असे मी म्हणत नाही. तो मी मोडला. जुन्या पेटीतले सामान पत्र्याच्या डब्यात घालून यंत्राशेजारी ठेवले आहे, आणि त्यावर चिठ्ठी आहे: काय काढले, काय घातले, कोणत्या दिवशी; आणि शेवटी, ‘सरांनी नको म्हटले होते.’

दिवाळीच्या सुट्टीआधी सहावीतल्या एका मुलीने ती चिठ्ठी वाचली. “सर, त्यांनी नको म्हटलं होतं, मग तुम्ही का बदललंत?” मी तिला धुराची गोष्ट सांगितली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “पण त्यांना वाईट वाटलं असतं ना?”

“वाटलं असतं,” मी म्हणालो. मग तिने यंत्र लावले. दोन सुरांची ती जुनी शीळ वाजली आणि सरांचा खेळ तिला सतराचा पाढा विचारू लागला.