अन्नपूर्णे, तिच्या गुडघ्यांपाशी राहा

अन्नपूर्णे, गौरीहराच्या पूजेला बसलेल्या लेकीपुढे तुझी पितळी मूर्ती मांडली, तेव्हा तू तिच्याबरोबर इतक्या लांब जाशील असं माझ्या मनातही नव्हतं. आता तू इटलीतल्या बोलोन्यात आहेस, तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. जावयाच्या आजीकडे रविवारचं जेवून आम्ही मघाशी परतलो. सगळी लवंडली आहेत. तुझ्यापुढे दिवा लावलाय. माझं ऐकून घे.

आधी क्षमा मागते. येताना मी मेतकूट, भाजणी, गुळपोळ्या आणल्या, त्या प्रेमानं आणल्या. पण त्या प्रेमात भीतीही होती. परक्या घरात माझी लेक अर्धपोटी राहत असेल असं मी धरूनच चालले होते. इथल्या तोर्तेलिनीच्या सारणात डुकराचं मांस असतं हे कळलं आणि पहिल्या रविवारी मी डोकेदुखीचं निमित्त सांगून घरीच राहिले. आजीनं माझं ताट मांडलेलं होतं, ते तसंच रिकामं राहिलं. आई, माझा हा अपराध पोटात घाल.

आज मी मुद्दाम सकाळीच आजीकडे गेले. ऐंशी ओलांडलेली ती बाई मिस्साहून आली, पदर खोचावा तसा तिनं एप्रन बांधला आणि मोठ्या लाकडी फळीवर मैद्याचं आळं केलं. शंभर ग्रॅमला एक अंडं. मळलेला गोळा मुरायला झाकून ठेवला, तो हात आपल्याच घरातला वाटला मला. मग तिनं हाताहून लांब लाटणं घेतलं. लाटता लाटता पारी फळीच्या कडेवरून खाली लोंबायला लागली, पोटाशी टेकली. बोलोन्यात म्हणतात, पारी उजेडापुढे धरली की आरपार सान लुका दिसलं पाहिजे. सान लुका म्हणजे डोंगरावरचं मादोन्नाचं देऊळ. शहरातून तिथवर जाणाऱ्या वाटेवर छत आहे, तिला 666 कमानी आहेत. आजीनं खिडकीत पारी धरली. तिथून डोंगर दिसत नाही, पण तिच्या वाकड्या झालेल्या बोटांची सावली मला दिसली. त्या दर्शनासाठी तुझे पाय धरते.

आणि नंतर जे पाहिलं, त्यासाठीच खरं तर आज तुझ्यापुढे बसले आहे. तिनं पहिल्यांदा माझ्यासाठी तोर्तेलोनी केले. ते तोर्तेलिनीहून मोठे असतात, आत रिकोत्ता, चीज, पार्सली, जायफळ. पारीचा चौकोन दुमडून त्रिकोण करायचा, टोकं बोटाभोवती वळवून चिकटवायची. माझे सगळे करून वेगळ्या फडक्यावर मांडले, मगच मांसाचं सारण बाहेर काढलं. उकळायलाही पातेलं वेगळं. तिला हे सोवळं कुणी शिकवलं? लेक म्हणते, तिनं सांगितलं नव्हतं. मग तूच ना?

एक वाजता हाक आली, ‘आ तावोला!’ इथं पानावर बसायला वेळ लावत नाहीत, उकळून काढलेला पास्ता कुणासाठी थांबत नाही. आजीनं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. मी मनात श्लोक म्हटला. पणतवंडानं पाव उपडा ठेवला होता, तो तिनं न बोलता सुलटा केला. उपड्या पावाला इथं अशुभ मानतात. लोणी आणि सेजच्या पानांतले ते तोर्तेलोनी मी खाल्ले. पुरे म्हटलं, तर तिनं वाढले. पुन्हा पुरे म्हटलं, पुन्हा वाढले. शेवटी ताटातलं लोणी पावाच्या तुकड्यानं पुसून घ्यायचं, हेही तिनंच खुणेनं सांगितलं. पारीच्या उरलेल्या वेड्यावाकड्या कातरणी तिनं उद्याच्या घेवड्याच्या सुपासाठी बाजूला ठेवल्या होत्या.

2025 च्या डिसेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक भरली, तिथं इटलीच्या स्वयंपाकाला जगाचा वारसा म्हणून मान मिळाला. आपल्या दिवाळीचं नावही त्याच बैठकीत लागलं. जावयानं हे मला अभिमानानं सांगितलं. आई, तो मान ज्या हातांचा आहे, त्या हातांकडे बघ. थंडीत तिची मनगटं सुजतात. त्यांत कणीक मळण्याचं बळ राहू दे. माझ्या लेकीच्या हाताला ते लांब लाटणं बसू दे, आणि ते शिकताना तिची पोळीही सुटू देऊ नकोस. ज्या घरानं तिला रोज पोटभर जेवू घातलं, त्या घरातल्या कुणाचंही पान कधी मोकळं ठेवू नकोस.

पुढच्या रविवारी आजी आपल्याकडे जेवायला येणार आहे. मी पुरण घालणार आहे. हरभऱ्याची डाळ मिळालीय, गूळ मी आणलेलाच आहे, जायफळ आजीनं आज पुडीत बांधून दिलं. इथलं पीठ माझ्या हाताला नवं आहे, पोळी फाटू देऊ नकोस. आणि या घराला लिफ्ट नाही, तिला तीन जिने चढायचे आहेत. तू तिच्या गुडघ्यांपाशी राहा.