हा हुक कशाचा?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४ ते १६.

हिंदमाताला पाणी भरायचं म्हणून आमच्या घरात महत्त्वाचं सगळं माळ्यावर असायचं. गेल्या रविवारी तो माळा आवरताना आजोबांचा पत्र्याचा डबा सापडला. आत वीतभर लांबीची पातळ पोलादी पट्टी. एका टोकाला हाताने गुळगुळीत झालेली लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला तिरकी खाच. मी फोटो काढून सर्च केला तर म्हणे पाकीट फोडायची सुरी. चुलतभाऊ म्हणाला, लालबागच्या मूर्तिकारांकडचं असणार. आजीला एवढंच माहीत की ते रोज खिशात असायचं.

शेवटी तळमजल्यावरच्या काकांना दाखवलं. ते गिरणीत विणकर होते. त्यांनी हातात घेतलं आणि काही न सांगता माझा कंगवा आणि शिवणाचा दोरा मागितला. पट्टी कंगव्याच्या दातांतून आरपार घातली, खाचेत दोरा अडकवला आणि अलगद ओढून घेतला. "फणीचा हुक. साच्यावर ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची, फणीतून धागा असा ओढायचा. नाही ओढलास तर कापडात लांबच लांब रेघ पडते."

दोन सेकंदांचं काम. पण कंगवा, दोरा आणि तो हात नसता तर हुक जन्मभर बघूनही कळला नसता.

गीता इथे कर्माची पाच कारणं सांगते : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. करण म्हणजे साधन, आपला हुक. या पाचांमुळे कर्म घडत असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं भगवंत म्हणतात. मी हा श्लोक कायम यशाला लावत आलो. प्रमोशन मिळालं, तर 'मी केलं' म्हणू नये वगैरे. (सोपं असतं ते, पगार वाढलेला असतो.) अपयशाला लावून कधी पाहिलाच नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबांना परत कामावर घेतलं नाही. आजी सांगते, पुढे कित्येक वर्षं ते एकच म्हणायचे, "माझंच चुकलं." कर्ता शाबूत होता, हुक खिशात होता, मेहनतीची तयारी होती. अधिष्ठानच गेलं होतं! तरी सगळा हिशोब त्यांनी एकट्याच्या नावावर मांडला. अहंकार फक्त फुशारकीत असतो असं आपल्याला वाटतं. ही अपराधी भावनाही त्याच चुकीच्या गणितातून येते, असं मला आता वाटतं. आपल्यातले जे लेऑफनंतर रात्रभर जागतात, त्यांनी हे तीन श्लोक एकदा परत वाचावेत.

एक मात्र आहे. 'सगळं दैव' म्हणून हात झटकणाऱ्यांना हा श्लोक सोडत नाही. दैव पाचवं आहे, एकटं नाही. गेटला कुलूप लावणारा हातही कुणाचा तरी असतोच.

मी आजीला अर्थ सांगितला. ती बराच वेळ हुक पुसत बसली. मग म्हणाली, "हे त्यांना कुणी सांगितलंच नाही रे."