न झालेल्या आजाराचं औषध

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चीनच्या जुन्या वैद्यकात नेमका हाच दाखला आहे हे वाचून मला मोठी मौज वाटली. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा त्यांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ. जाणता माणूस झालेल्या रोगाच्या मागे धावत नाही, न झालेल्या रोगाची काळजी घेतो, असं तो मानतो. म्हणजे करायचं काय? ऋतूप्रमाणे राहायचं. हिवाळ्यात लवकर निजायचं आणि ऊन वर आल्यावर उठायचं, उन्हाळ्यात उन्हाला कंटाळायचं नाही, मनात राग धरायचा नाही. पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं नाही, हेही त्यांच्याकडे सांगतात.

ऊनोदर पाळणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या आपल्या बायकांना यात परकं काही वाटणार नाही. फरक एवढाच, की आपण रात्री जेवत नाही ते जीव जाऊ नयेत म्हणून. प्रकृती बरी राहते हा वरचा लाभ.

पण आजार टाळण्याचे दोन मार्ग असतात. एक, काही सोडायचं. दुसरा, काही घ्यायचं. गाठ पडते ती दुसऱ्यात.

सातव्या शतकात तिकडे सुन सिमियाओ नावाचे थोर वैद्य होऊन गेले. जीव वाचवायला जीव मारणं म्हणजे जीवनापासून आणखी दूर जाणं, अशी त्यांची भूमिका. जनावराचं मोल माणसाहून कमी मानलं तरी जगण्याची ओढ दोघांना सारखीच, हे त्यांनी ओळखलं. मला ते आपल्या उग्रादित्याचार्यांचे दूरचे भाऊबंद वाटतात. नवव्या शतकातल्या ‘कल्याणकारक’ या वैद्यकग्रंथात आचार्यांनी मद्य, मांस, मध यांना थाराच दिला नाही. मात्र सुन सिमियाओंनी एक सवलत ठेवली: बाजारात आधीच मेलेले कीटक विकायला असतील तर ते औषधाला चालतील. इथे माझं मन अडतं. कृत, कारित, अनुमोदित असे तिन्ही दोष लहानपणी पाठशाळेत शिकलेली बाई विचारणारच, की अहो, घेणारं कोणी नसतं तर विकणाऱ्याने ते मारले असते का?

या सवलतीचं आजचं रूप पाहा. गाढवाच्या कातड्यापासून ‘अचियाओ’ नावाचं सरस करतात. शानतुंग प्रांतातलं दोंग-अ हे त्याचं जुनं गाव. रक्त वाढतं, अंगावर तेज येतं म्हणून ते मुख्यतः बायका घेतात, आणि त्यातल्या कितीतरी धडधाकट असतात. चीनमधली गाढवं पुरेनात तेव्हा मागणी आफ्रिकेपर्यंत गेली. तिथल्या खेड्यात गाढव पाणी वाहतं. ते चोरीला गेलं, की घागर बाईच्या डोक्यावर येते. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवं मारण्यावर पंधरा वर्षांची बंदी घातली.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या औषधाबद्दल वाद घालता येईल, त्याच्यापाशी निदान नाइलाज तरी असतो. पण ज्याला काही झालेलंच नाही, त्याने उद्याच्या भीतीपोटी आज कुणाचा जीव घ्यायचा, तर तो नाइलाज कुठून आणणार? आरंभी म्हणून ते खपवता येत नाही. मला तरी ती सरळ संकल्पी वाटते.

चीनला नावं ठेवून मात्र सुटका नाही. पन्नाशी आली की मैत्रिणी-मैत्रिणींत हाडांच्या गोळ्यांची देवघेव सुरू होते, कुणी तपासून सांगितलेलं नसलं तरी. बऱ्याच मऊ कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. कॅल्शियम कधी शिंपल्याचं असतं. डबीवर ते लिहिलेलं असतं, पण फार बारीक. चष्मा लावून वाचावं लागतं. वनस्पतीजन्य आवरणाच्याही मिळतात. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागाव्या लागतात.